परतीची तारीख



ज्या शाळेच्या ओसरीवर तरट अंथरून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने आज मला व्यासपीठावर बसवले आहे. हा मान माझा नसून ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्या गुरुजींचा आहे, असे मी मानतो. मी काही विद्वान नव्हे. आयुष्यभर इतिहास शिकवला, निवृत्त झालो, आणि आता पांढुर्ण्यात संत्र्याची चार झाडे राखत बसलो आहे. 'विद्यार्थिदशेतील निवड आणि निर्धार' हा विषय मला देण्यात आला, तेव्हा थोडा संकोच वाटला. ह्या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. आणखी एका उपदेशाने तुमचे कान शिणवावेत, असे मला वाटत नाही. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाला जमेल तेवढेच करतो. काही माणसांनी विद्यार्थी असताना नेमके काय ठरवले आणि त्यासाठी काय किंमत मोजली, ते साल-तारखेनिशी तुमच्यापुढे ठेवतो. आरंभ मात्र माझ्या स्वतःच्या एका अपयशापासून करणे भाग आहे, कारण गुरुजी मला तेथेच भेटले.

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हिंदी व मराठी ह्या दोन्ही राजभाषा होत्या. पुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ जिल्हे तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. सौसर-पांढुर्ण्याचा आपला मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. नकाशावर एक रेघ ओढली गेली, एवढेच पुष्कळांना वाटले. लग्नसंबंध वरूड-काटोलशी राहिले, बाजार नागपूरचा राहिला, पोळा राहिला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीतली गोटमार राहिली. बदलली ती कचेरीची भाषा, आणि तिच्या मागोमाग वरच्या वर्गांची.

त्या रेघेचा अर्थ मोठ्या माणसांपेक्षा आम्हा पोरांना अधिक कळला. आठवीपर्यंत मी मराठीत शिकलो. नववीत गणिताचे पुस्तक हिंदी आले. पहिल्याच धड्याचे नाव होते 'भिन्न'. मराठीत भिन्न म्हणजे वेगळा. ह्या धड्यात वेगळे काय आहे, ते मी पंधरा दिवस शोधत होतो. भिन्न म्हणजे आपला अपूर्णांक, हे समजेपर्यंत वर्ग पुढे निघून गेला होता. बेरजेला जोड, सरासरीला औसत, शेकडेवारीला प्रतिशत. आणि सर्वांवर ताण म्हणजे 'शिक्षा' हा शब्द. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. त्या वर्षी मला दुसराच अर्थ खरा वाटत होता. परिणाम व्हायचा तोच झाला. सहामाहीत मी गणितात आणि विज्ञानात नापास झालो.

त्याच हंगामात वडील आजारी पडले. कापूस फुटला होता आणि वेचायला हात कमी पडत होते. वडील म्हणाले, "शाळा काई पळून जात नाई, पन कापूस झाडावर थांबत नाई." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी मनातून सुटलो. घरची अडचण ही माझ्या नापास होण्यावर पांघरूण घालायला चांगली सबब होती. दप्तर खुंटीला टांगले आणि नाव कमी करण्याचा अर्ज घेऊन गुरुजींकडे गेलो.

गुरुजी रागावले नाहीत. शिक्षणाचे महत्त्व वगैरे त्यांनी मला सांगितले नाही. अर्ज वाचून त्यांनी मला परत दिला आणि म्हणाले, "जातोस तर जा. वडिलांना तुझी गरज आहे. पण ह्या अर्जात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. परत कधी येणार, ती तारीख लिही." मी गोंधळलो. शाळा सोडणाऱ्याने परतीची तारीख लिहायची असते, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी नाव कमी करण्याऐवजी रजेचा अर्ज लिहून घेतला, खाली येत्या जून महिन्याची तारीख घातली आणि माझी सही घेतली. मग एक कोरी वही दिली. "डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला हिंदी. रोज पाच. कापूस वेचताना पाठ कर."

ते वर्ष वाया गेले, असे गावाने म्हटले. मी त्या तारखेला परत आलो. नववी पुन्हा केली, आणि त्या वहीतल्या सहा-सातशे शब्दांनी मला पुढे नेले. माझ्यासारखाच एक वर्गमित्र त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका शाळेतून निघाला होता. तो माझ्याहून हुशार होता. त्याला तारीख कोणी विचारली नाही. तो जिनिंगमध्ये कामाला लागला तो कायमचाच. दोघांच्या घरची स्थिती सारखी, दोघांची निवड एकच. फरक होता तो एका कागदाचा.

पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा गुरुजींच्या ह्या साध्या रीतीचे मोठे रूप मला एका थोर विद्यार्थ्याच्या चरित्रात दिसले. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू आज मध्य प्रदेशात आहे. मराठी घर आणि मराठी मुलखाबाहेरचा जन्म, ह्या नात्याने ते आपल्याला आणखी जवळचे. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती ३ वर्षांची होती आणि परतल्यावर १० वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले.

येथे आपण थांबून पाहिले पाहिजे. सव्वीस वर्षांचा तो विद्यार्थी निघण्यापूर्वी काय करतो? नशिबाला दोष देत तो थेट बोट गाठत नाही. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने तो लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवतो की, ऑक्टोबर १९१७ पासून ४ वर्षांच्या आत परत येऊन हाच अभ्यास पुढे चालू करता येईल. वाट तुटली होती. परंतु तुटलेल्या वाटेच्या टोकाशी त्यांनी खूण करून ठेवली. माझ्या मते, विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांनी घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा होता, आणि व्याख्यानांतून त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

पुढची ३ वर्षे सुखाची नव्हती. महायुद्ध चालू होते. सामान ज्या बोटीने पाठवले होते ती पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, ही हकिगत सर्वांना माहीत आहे. मुंबईस परतून त्यांनी मिळेल ते काम केले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. समाजाचे नेतृत्व चालून येत होते, पगाराची नोकरी होती. परतीची वाट विसरून जायला ह्याहून चांगली कारणे कोणती हवीत? तरीही १९२० च्या जुलैमध्ये त्यांनी पुन्हा लंडनची वाट धरली. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज एवढीच शिदोरी होती. मुदतीचे जेमतेम एक वर्ष शिल्लक होते.

१९२१ साली ते एम.एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर झाला. परीक्षकांनी तो फेरफार करून पुन्हा मागितला. पैसे संपले होते, म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुंबईला यावे लागले. दुसऱ्यांदा वाट तुटली. त्यांनी मुंबईत बसून प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठवला, आणि १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला. ह्या सर्व वर्षांत रमाबाईंनी हलाखीत घर चालवले, हेही सांगितले पाहिजे. विद्यार्थ्याच्या निर्धाराची किंमत एकटा विद्यार्थी कधीच भरत नाही. घरातले कोणीतरी अर्धी भरत असते आणि पदवीवर त्याचे नाव नसते.

आता कोणी विचारील, सर्वच मोठी माणसे अशी परतीची सोय करून जातात काय? नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या विनोबांचे उदाहरण नेमके उलट दिसते. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायला ते निघाले आणि सुरतला गाडीतून उतरून काशीच्या गाडीत बसले. त्याआधीच त्यांनी आपली प्रमाणपत्रे घरच्या चुलीत घातली होती. तरुण मुलांना ही गोष्ट फार आवडते. मलाही ती त्या वयात आवडे, विशेषतः निकालाच्या दिवशी.

परंतु विनोबांच्या चरित्राचे पुढचे पान उलटल्याशिवाय ह्या गोष्टीचा अर्थ लावू नये. काशीहून ते गांधीजींच्या आश्रमात आले. १९१७ साली प्रकृती आणि अभ्यास ह्या कारणांसाठी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले. वर्ष पुरे झाले त्या ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. प्रमाणपत्रे जाळणारा हा तरुण रजेची तारीख मात्र मोडत नाही! त्यांनी परीक्षा सोडली, अध्ययन सोडले नाही. एक दार बंद केले ते दुसऱ्या दारातून रोज आत जाण्याची तयारी ठेवूनच. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कागद जाळायचे असतील तर आधी स्वतःला विचारा, वाईचे ते एक वर्ष करायची माझी तयारी आहे काय? माझी नव्हती. मला फक्त गणितातून सुटायचे होते.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी शिवेवरचे आहे. पांढुर्ण्याच्या पलीकडे वरूड, आणि वरूड म्हणजे अमरावती जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या पापळ गावी, शेतकऱ्याच्या घरात, २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबराव देशमुख यांचा जन्म झाला. गावात पुढचे वर्ग नव्हते. म्हणून पापळहून चांदूर रेल्वे, तेथून कारंजा, तेथून अमरावती असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरोला एम.ए., ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर व विकासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट, शिवाय बॅरिस्टरी, असे करून ते १९२६ च्या सुमारास परत आले.

१९२० हे साल ध्यानात घ्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. सरकारी शाळा-महाविद्यालये सोडा, अशी हाक विद्यार्थ्यांना देण्यात आली. पुष्कळांनी ती ऐकली आणि राष्ट्रीय शाळा निघाल्या. रवींद्रनाथ ठाकुरांना मात्र विद्यार्थ्यांनी अभ्यास सोडावा हे पटले नाही, आणि ह्या मुद्द्यावर गांधीजींशी त्यांचा मतभेद जाहीर झाला. म्हणजे त्या काळचे सर्वांत मोठे दोन पुरुषही विद्यार्थ्याने काय निवडावे ह्याबद्दल एकमताचे नव्हते. मग सोळा-सतरा वर्षांच्या पोराने काय करावे? इतिहास येथे एकच उत्तर देत नाही, आणि इतिहासाच्या शिक्षकानेही ते देऊ नये. शाळा सोडून तुरुंगात गेलेले विद्यार्थी शहाणे नव्हते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पंजाबरावांकडून शिकण्यासारखे आहे ते त्यांच्या परतण्यात. पापळच्या मुलाला गावोगाव फिरून शिकावे लागले होते. परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले, जेथे खेड्यातल्या कोणत्याही जातीच्या मुलाला राहून शिकता यावे. १९३० साली ते मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९५२ ते १९६२ ह्या काळात केंद्रात कृषी खाते सांभाळले. ऑक्सफर्डच्या विद्वानाला वकिली करून सुखाने राहता आले असते. पण ज्या वाटेने आपण गेलो त्या वाटेवर मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी मुक्कामाची जागा बांधली. परतीची तारीख स्वतःपुरती असते, परतीची वाट मात्र दुसऱ्यांसाठीही बांधता येते.

आता एक कबुली देतो. ती दिल्याशिवाय ह्या व्यासपीठावरून उतरणे मला जड जाईल.

मी शिक्षक झालो, तो येथे नव्हे, दुसऱ्या गावी. माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर चोख. संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत ती येईनाशी झाली. घरी धाकटी भावंडे होती. नियमाप्रमाणे मी काही दिवस 'गैरहजर' लिहिले आणि मग हजेरीपटातून तिचे नाव कमी केले. लाल शाईची एक रेघ. नियमाबाहेर काहीच केले नाही. पण ज्या कागदाने मला वाचवले तो कागद मी तिच्या पुढे ठेवला नाही. तिच्या घरी जाऊन "परत कधी येणार?" एवढे विचारायला मला अर्धा तास लागला असता. पुढे काही वर्षांनी बाजारात ती भेटली. कडेवर मूल होते. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "सर, माझे नाव अजून आहे का पटावर?" ती थट्टेने बोलली असेल. मला उत्तर देता आले नाही. गुरुजींचे ऋण मी फेडले नाही, एवढेच त्या दिवशी मला कळले.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगायचे ते थोडक्यात सांगतो. चुकीची निवड होऊ नये म्हणून फार घाबरू नका. आयुष्यात वाट तुटणारच आहे. कधी पैशामुळे, कधी दुखण्यामुळे, कधी नापास झाल्यामुळे. थांबावे लागले तर थांबा. मात्र परत यायची तारीख लिहून थांबा, कोणाला तरी ती दाखवून ठेवा आणि मधल्या काळात रोज पाच शब्दांची का होईना, वही चालू ठेवा. तारीख नसलेली रजा म्हणजे शाळा सोडणेच होय.

आमच्या वेळेपेक्षा आज परतीच्या वाटा पुष्कळ आहेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, हे तत्त्व १९५६ सालीच घटनेच्या ३५० अ ह्या अनुच्छेदाने मान्य केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ साली निघाले. मंडळाच्या परीक्षेत नापास झालेल्यांसाठी मध्य प्रदेशात २०१६ साली 'रुक जाना नहीं' ही योजना सुरू करण्यात आली. सौसरहून नागपूरला नेणारी छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. २०२३ साली सौसर-पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हाही झाला. कचेरी जवळ आली, गाडी मोठी झाली, कायदा बाजूने उभा राहिला. पण हजेरीपटावर लाल रेघ ओढणारा हात अजून शिक्षकाचाच आहे.

दोन भाषांविषयीही हेच सांगेन. आपल्या मुलुखात मराठी घराची आणि हिंदी कचेरीची आहे. एक घेण्यासाठी दुसरी टाका, असे सांगणारे दोन्हीकडे भेटतील. त्यांचे ऐकू नका. ज्याने दोन्ही राखल्या त्याला नागपूरही मोकळे आणि भोपाळही मोकळे. माझी ती दोन रकान्यांची वही मी आज बरोबर आणली आहे. कापसाचे डाग तिच्यावर अजून आहेत. ती मी शाळेच्या ग्रंथालयास देतो.

आणि मुख्याध्यापक महोदय, आपणांस एक विनंती. गुरुजींचे तैलचित्र लावले, व्याख्यानमाला सुरू केली, हे उचितच झाले. त्याबरोबर कार्यालयात एक साधी वही ठेवावी. जो विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी शाळा सोडील, त्याचे नाव, सोडण्याचे कारण आणि परतीची तारीख तीत लिहून घ्यावी. त्या तारखेला तो आला नाही, तर आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी एकाला त्याच्या घरी पाठवावे. आमच्यातले बरेच जण आता रिकामेच असतात. पहिल्या वर्षी ते काम मी करीन. माझे वय झाले आहे, पण पांढुर्ण्याच्या गल्ल्या मला पाठ आहेत.